देवमन तारबाबू लाइनीवर बोलला

देवमन तारबाबूला दर्यापुरात लोक गर्विष्ठ म्हणत. ते खरे नव्हते. त्याला माणसांची किळस यायची, एवढेच. आणि तीही माणसे पाहून नव्हे, ऐकून आलेली.

एकसष्ट सालची गोष्ट. अमरावती, दर्यापूर, मूर्तिजापूर आणि अकोला ही तार-ऑफिसे एकाच तारेवर होती. एकाने खटका दाबला की चौघांच्या टेबलावर कटकट वाजे आणि चौघांनाही ती वाचता येई. सरकारने ही सोय लोकांच्या तारांसाठी केली होती. पण तारा थोड्या आणि दिवस मोठा. म्हणून उरलेल्या वेळात अमरावतीचे नत्थुजी आणि अकोल्याचे खुशालराव एकमेकांशी बोलत. दोघेही सीनियर. एकमेकांचे तोंड त्यांनी कधी पाहिले नव्हते, पण नत्थुजींचे पोट सकाळी साफ झाले की नाही हे खुशालरावांना नत्थुजींच्या बायकोच्या आधी कळे. अक्षरे इंग्रजी, ठिपक्यांची आणि रेघांची, आणि त्यातून अस्सल वऱ्हाडी: "काहून बे, एरंडेल घेतलं का?"

मुरलेल्या तारबाबूला कान मिटता येत नाहीत. समोर भाकरीचा डबा उघडा असला तरी कटकट आपोआप शब्द होऊन डोक्यात शिरते. कोणाची सून माहेरी का गेली, कोणाच्या अंगावर काय उठले, हे सगळे देवमनने वर्षानुवर्षे पिठल्याबरोबर गिळले होते. दर शनिवारी तो खटका स्पिरिटने पुसायचा. शिपाई विचारायचा, "गंज चढला का, बाबूजी?"

"नाही. नत्थुजी चढले."

स्वतः तो लाइनीवर कामापलीकडे एक अक्षर वाजवत नसे. बाकीचे त्याला 'मुका दर्यापूर' म्हणत, तेही तारेवरूनच, म्हणजे त्याच्या तोंडावर.

श्रावणातल्या एका दुपारी पुंजाजी भिजत खिडकीशी आला. छप्पन सालीच त्याने घरातले देव पूर्णेत सोडले होते आणि पोराला, बुधाजीला, अकोल्याच्या बोर्डिंगात घातले होते. पोराच्या नावाचा सरकारी लखोटा चुकून घरच्या पत्त्यावर आला होता: उद्या दहा वाजता अमरावतीच्या कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी मुलाखत. पूर्णेला पूर, अकोल्याची मोटर बंद. बुधाजीला आज सांज व्हायच्या आत कळले तर रात्रीची गाडी सापडणार होती; नाही तर जागा दुसऱ्या कोणाची.

देवमनने तातडीची खूण वाजवली. अकोल्याहून उत्तर आले, "थांब रे दर्यापूर, नत्थुजीचं अर्धं राह्यलं हाय."

अर्धे म्हणजे हिरडा चांगला की एरंडेल, हा प्रश्न.

"गेली काय तार?" पुंजाजीने विचारले.

"नाही. लाइन अडली आहे."

"कोन बोलून राह्यलं?"

"सरकार."

"येवढा येळ? काय झालं सरकारले?"

"पोट बिघडलं," देवमन म्हणाला.

हिरडा जिंकल्यावर खुशालरावांनी एकदाची तार उतरून घेतली आणि वर वाजवले, "शिपाई भाजी आनाले गेला हाय. अन् थे बोर्डिंग मोर्ना नदीच्या पार, चिखलात. उद्या सकाळी देऊ."

"उद्या दहाला मुलाखत आहे."

"मंग? थ्या लोकायचं पोरगं. त्याले का कमी हाय मुलाखती? येईन दुसरी."

नत्थुजींनी अमरावतीहून हसण्याची खूण वाजवली. तारेवर हसायलाही खूण असते.

वर तक्रार करायची तर तारेनेच करावी लागणार, आणि ती तार नत्थुजींच्याच हातून पुढे जाणार. खिडकीत पुंजाजी गज धरून उभा होता. त्याला वाटत होते, तार गेली म्हणजे पोचली.

देवमनने खटक्यावर हात ठेवला, काढला, धोतराला पुसला, परत ठेवला.

"खुशालराव," त्याने वाजवले, "एक गोष्ट सांगू? कोनाले सांगू नका."

दुपारी हमखास झोपलेल्या मूर्तिजापूरनेसुद्धा आपण जागे असल्याची खूण केली.

"थ्या बुधाजीची मुलाखत नावालेच हाय. साहेबानं त्याले जावई करून घ्याचं ठरवलं. पोरगं साळसूद, काईच मालूम नाही असं दाखवते."

"थ्याले? साहेबाची पोरगी?"

"थ्यालेच."

साहेब कोण, त्याला मुलगी आहे की नाही, देवमनला काहीच ठाऊक नव्हते. पण शब्द असे भराभर उतरले की जणू हात आयुष्यभर याचीच वाट पाहत होता. ते त्याला सगळ्यात घाण वाटले.

अकोला पुन्हा वाजले ते बऱ्याच वेळाने. इतक्या वर्षांत खुर्चीवरून न हललेले खुशालराव छत्री घेऊन, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, स्वतः मोर्नेपार जाऊन आले होते.

"इचारलं थ्याले तोंडावर. म्हने, मले उद्याच्या मुलाखतीचं मालूमच नाही! कसा लबाड पाय. अन् लगेच पळत सुटला ना टेशनाकडे. म्हंजे खरं हाय!"

देवमनने पुंजाजीला सांगितले, "पोचली." पुंजाजीने खिडकीतून दोन्ही हात जोडले. त्या हातांकडे देवमनला बघवेना. तो उठून मागच्या मोरीवर गेला आणि कोपरापर्यंत हात धुऊन आला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला अमरावती वाजली. नत्थुजी पोट विसरून कचेरीत जाऊन आले होते. "पाह्यलं. चपराशानं त्याच्या नावाचा पुकारा केला, आत गेलं. कोट मांगून आनलेला दिसते, बाह्या लंब्या." लाइनभर चर्चा झाली. अकोल्याचे मत पडले की मुका दर्यापूर मोठा पोचलेला निघाला, उगाच इतकी वर्षे माणूस वाया गेला.

"काय देवमनराव," खुशालरावांनी विचारले. आजवर त्याला कोणी राव म्हटले नव्हते. "पोरगी दिसाले कशी हाय?"

देवमनच्या टेबलावर सत्यभामा नावाच्या एका बाईची तार पडली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला. तिच्या अकोल्याच्या भावाला संध्याकाळपर्यंत निरोप पोचायला हवा होता. बाई ओट्यावर बसून खिडकीकडे बघत होती. लाइन वाट पाहत होती.

त्याने खटका दाबला.

"गोरी," त्याने वाजवले. "नाकात चमकी."