आईचं माहेरचं नाव

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, या प्रथेविरुद्ध मी माणिकपूरला रिक्षा स्टँडवर पत्रकं वाटली आहेत. 'बाई म्हणजे भाड्याची खोली नव्हे, मालक बदलला की पाटी बदलायला!' हे वाक्य माझं. त्यामागे आई होती. तिचं जन्मनाव उधाणी. ते मला कळलं तिच्या शाळेच्या दाखल्यावरून. घरात त्या नावाने तिला कुणीच हाक मारली नव्हती.

यंदा भावाला मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी जाहीर केलं, "उधाणी!"

भाऊ-वहिनी खूश. आई खवळली. "अजिबात नाही. पोरीला चिडवतील."

"बाबांनी तुझं नाव पुसलं, तरी त्यांचीच बाजू घेतेस?"

"त्यांनी कशाला पुसलं? मीच सांगितलं, बदला म्हणून. मी वर्गात शिरले की पोरं बाकांवर चढायची. पाणी आलं, पळा!"

बाबा पेपराआडून म्हणाले, "मला आवडायचं ते नाव. पण माझं ऐकतंय कोण!"

घ्या! माझं पत्रक घरातच आपटलं. प्रथा वाईटच आहे, ते मी मागे घेत नाही.

"पण असलं नाव ठेवलं कुणी?" मी चिडून विचारलं. मला वाटायचं, खाडीचं पाणी शेतात घुसलं असेल आणि राग मुलीवर निघाला असेल.

तसं नव्हतंच. आई जन्मली त्या दुपारी उधाणाची भरती होती. आजोबा बांधावर चिखल थापत होते. पाणी काठोकाठ चढलं आणि उतरलं. भात वाचलं. आजोबा तसेच माखलेले दारात आले आणि ओरडले, "उधान आला, पन बांध नाय फुटला! पोरीचा नाव उधानी!"

"हात न धुता उचललं म्हणे मला," आई हसायला लागली. "जन्मल्या दिवशीच धुळवड!"

"मग ठेवू?"

"ठेव. पण चिडवलं तर काय सांगायचं, ते पोरीला आधी शिकवा. मला कुणी शिकवलं नाही."

बारशाला मी बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. वहिनीच्या आईने नाक मुरडलं, "अगं बाई, हे कसलं नाव?"

भाषणासाठी मी घसा खाकरला. पण आई आधीच उठली होती.

"बसा विहीणबाई. माझं नाव आहे ते. कसं पडलं, सांगते."