हद्दीचा म्हसोबा आणि माझा हात

आमच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात, कॉर्नरच्या झेंडीपासून चार पावलांवर एक दगड आहे. आज त्याला शेंदूर आहे, चांदीचे डोळे आहेत, वर पत्र्याची शेड आहे आणि शेडवर देणगीदारांची नावं आहेत. नाशिकच्या फुटबॉलचा हा हद्दीचा म्हसोबा. बाहेरगावच्या संघाला तो त्या बाजूला गोल करू देत नाही, अशी त्याची ख्याती. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो जमीन मोजणीवाल्यांनी पुरलेला साधा दगड होता आणि मी त्याला सायकल टेकवत असे. त्याचा देव माझ्यामुळे झाला. माझं वय आता चौऱ्याहत्तर आहे. हे सांगून टाकलेलं बरं.

तेव्हा मी आठवडाभर कारकून आणि रविवारी लाइनमन होतो. पळता येत नव्हतं म्हणून खेळाडू झालो नाही आणि कोणावर ओरडता येत नव्हतं म्हणून पंच झालो नाही. राहिलं ते झेंडी धरण्याचं काम. स्पर्धेची अंतिम लढत होती, नाशिक आणि मालेगाव. मालेगावची पोरं आठवडाभर यंत्रमागावर उभी राहून, ट्रकच्या मागे बसून यायची आणि आमच्यापेक्षा बरं खेळायची. हे नाशिकमध्ये तेव्हाही कोणी मोठ्याने बोलत नसे.

शेवटची पाच मिनिटं राहिली होती. एकही गोल झाला नव्हता. खेळ सगळा दुसऱ्या टोकाला चाललेला. मला तल्लफ आली. झेंडी काखेत धरली, डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि मळायला लागलो. मान खाली. एकदम गलका झाला. वर पाहतो तर चेंडू माझ्याच टोकाला, नाशिकच्या जाळ्यात आणि सगळं मैदान माझ्याकडे बघतंय. तंबाखू दिसू नये म्हणून मी डावी मूठ घाईने मागे नेली आणि उजव्या हाताने काखेतली झेंडी खेचली. ती वर आली. पंचाने शिट्टी फुंकली. ऑफसाइड. पुढे पेनल्टीवर नाशिक जिंकलं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी विचारलं, "किती पुढे होता हो तो?"

"काय सांगू," मी म्हणालो, "हात आपोआप वर गेला."

इथपर्यंत ते खोटंही नव्हतं. सेक्रेटरींचा चहा बशीतच राहिला. "आपोआप? त्या दगडापाशी उभे होता ना तुम्ही?"

इथे मी गप्प बसलो असतो तर आज शेडही नसती. पण आयुष्यात पहिल्यांदाच दहा माणसं माझं बोलणं कान देऊन ऐकत होती. मी म्हणालो, "कोणीतरी मनगट धरून वर ओढल्यासारखं वाटलं."

आठ दिवसांत दगडाला शेंदूर लागला. हद्द राखणारा म्हसोबा पूर्वीपासून तिथेच आहे, असं सांगणारे म्हातारेही निघाले. मी स्वतः ज्या दगडावर चप्पल झटकली होती, त्याचा शेकडो वर्षांचा इतिहास मी गंभीर चेहऱ्याने ऐकला. निफाडवाले म्हणाले, हा मुळात आमच्या शिवेवरचा, तुम्ही पळवलात. तेव्हा तर नाशिककरांची खात्रीच पटली.

आताचे समर्थक माझ्या नातवांच्या वयाचे आहेत. अंगात इंग्लंडमधल्या कुठल्याशा गावाचा टी-शर्ट, हातावर परदेशी खेळाडूचं चित्र गोंदलेलं आणि तोंडी "आपला म्हसोबा, आपली हद्द!" मागे धुळ्याच्या संघाने त्याच बाजूला तीन गोल मारले. म्हसोबा खोटा ठरला असं कोणी म्हणालं नाही. चौकशी होऊन निष्पन्न झालं, की त्या वर्षी नैवेद्याला गावठी कोंबड्याऐवजी ब्रॉयलर दिला होता.

सुरुवातीला ही गंमत होती. ‘बाहेरचा’ म्हणजे मालेगावचा, एवढाच अर्थ होता. पुढे त्या शब्दात आणखी काय काय भरलं गेलं, ते घोषणा ऐकल्यावर कळतं. मी त्या ऐकल्या आणि दरवर्षी नारळ फोडायला जात राहिलो. मानाचा नारळ माझा असतो.

तो गोल मारणारा मालेगावचा सेंटर फॉरवर्ड मागावरच म्हातारा झाला. तिकडच्या एका सूत व्यापाऱ्याने मला सांगितलं, "त्याला सगळे ऑफसाइड चाचा म्हणतात. मुलीच्या लग्नपत्रिकेतसुद्धा कंसात छापावं लागलं, नाहीतर लोकांना कळत नाही कोणाच्या घरचं लग्न." मीही त्याच्याबरोबर हसलो. त्या दिवशी ठरवलं, या माणसाचा गोल त्याला परत द्यायचा. ठरवल्यावर दहा वर्षं काही केलं नाही.

यंदा मंडळाने जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला आणि त्यालाही बोलावलं. तो आला. शाल आणि नारळ मांडीवर घेऊन ताठ बसला होता. सूत्रसंचालक ओरडला, "आणि हे मालेगावचे ते वीर, ज्यांना आपल्या म्हसोबाने रोखलं!" हशा झाला. तोही हसला. सवयीचं हसू होतं ते.

मग माझी पाळी आली. "काका, मनगटाचा किस्सा!" मागून आरोळ्या आल्या.

मी माइक धरला आणि सगळं सांगितलं. तंबाखू, चुना, काख. कोणीही मनगट धरलं नव्हतं, हेही सांगितलं. मग ढोलवाल्या पोरांतला एक उठला. "पण काका, नेमकी त्याच मिनिटाला तल्लफ कोणी आणली?"

"म्हसोबानंऽ!" सगळा मांडव ओरडला. ढोल सुरू झाले. दुसऱ्या दिवसापासून दगडापुढे तंबाखूच्या पुड्या आणि चुन्याच्या डब्या येऊ लागल्या.

सत्काराच्या संध्याकाळीच मांडवामागे मालेगावचा तो सेंटर फॉरवर्ड चहाचा पेला घेऊन एकटाच उभा होता. मी जवळ गेलो आणि माफी मागितली.

"माइकवरचं काय, ढोलात बुडालं," तो म्हणाला. "लिहून द्या. आमच्या चहाच्या हॉटेलात लावीन, भिंतीवर. तिथंच ऑफसाइड, ऑफसाइड करत्यात सगळे."

मी आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं, मालेगावच्या सेंटर फॉरवर्डने उजव्या पायाने मारलेला गोल नियमाप्रमाणे होता, लाइनमनची चूक झाली. लिहिताना डोळे भरून आले. स्वतःविषयी बराच आदर वाटला.

त्याने चष्मा लावून वाचलं. "लेफ्ट से मारा था."

"काय?"

"डाव्या पायानं. सारं मैदान बघत होतं, साहब."

मी ‘उजव्या’ खोडायला लागलो.

"ठहरो. तुम्ही बघितला होता का गोल?"

"नाही."

"मग नियमाप्रमाणे होता, हे कसं लिहिता? तेव्हा न बघता ऑफसाइड दिला, आता न बघता गोल देताय? वो गोल था, मेरे को मालूम है. तुमच्याकडून नको. जो देखा वही लिखो."

"मी तर काहीच पाहिलं नाही."

"तेच लिहा. नीचे दस्तखत."

मी दुसरी पत्रिका मागवली. चाळीस वर्षं एवढा मोठा गुन्हा उराशी बाळगला होता, तो एका ओळीत मावला. ‘त्या वेळी मी पाहत नव्हतो.’ खाली सही केली. हुद्दाही लिहा, असं त्याने सांगितलं. मी लाइनमन लिहिलं. बाहेर मालेगावची जीप हॉर्न वाजवत होती. त्याने घाई केली नाही. शाई वाळेपर्यंत कागद हातावर आडवा धरून तो उभा राहिला.