पितृपंधरवड्यातलं शूटिंग

पितृपंधरवड्यात शहाणा माणूस नवी बादलीसुद्धा विकत घेत नाही. मी सिनेमा सुरू केला.

माझा केडगावात लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. लोकांच्या हळदी, वराती आणि रुसलेले मामा टिपण्यात वर्ष जातं. हक्काचे मोकळे पंधरा दिवस मिळतात ते याच पंधरवड्यात, कारण तेव्हा कुणी लग्नच काय, साखरपुडासुद्धा करत नाही. कॅमेरा आणि माणसं घेऊन मी सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर गेलो. चुलत्यांनी कपाळाला हात लावला. काकू म्हणाल्या, "शूटिंग कर बाबा, पर नारळ फोडू नको." मुहूर्ताचा नारळ मग तसाच स्वयंपाकघरात गेला आणि संध्याकाळी चटणी होऊन बाहेर आला.

गोष्ट दोन भावांची होती. बांधावरून भांडण होतं, धाकटा तिरीमिरीत घर सोडतो, दोन दिवस उपाशी हिंडतो आणि परत येतो. थोरला माझ्या वडिलांनी करायचा आणि धाकटा चुलत्यांनी, हे फार पूर्वी ठरलेलं. वडील दर दिवाळीला विचारायचे, "कधी करायचा मग?" मी म्हणायचो, "जरा सगळं जमू द्या." चांगला कॅमेरा जमू द्या, आवाजाचं यंत्र जमू द्या, शेवट सुचू द्या. सगळं जमायच्या आत, दोन वर्षांपूर्वी, वडील गेले. मला माझाच इतका राग आला होता की तो अजून उतरलेला नाही. यंदा चुलत्यांना महिनाभर खोकला झाला आणि माझी पाचावर धारण बसली. ठरवलं, काहीही जमलेलं नसताना सुरू करायचं. थोरला कोण करणार? बघू. शेवटचा प्रसंग काय? बघू. ‘बघू’ या शब्दावर आपल्याकडे संसार होतात, सिनेमा का होऊ नये?

एक गोष्ट मात्र आपोआप जमली, ती म्हणजे जेवण. या पंधरवड्यात घरोघरी गेलेल्या माणसाच्या नावानं ताट वाढतात आणि त्या ताटावर बाहेरच्या एखाद्याला बसवतात. तो त्या दिवसापुरता त्या घरचा पितर. वस्ती लहान, तिथी सगळ्यांच्या एकावर एक, त्यामुळे जेवणाऱ्यांचा भयंकर तुटवडा. तशात आम्ही चार परके आणि चार रिकामी पोटं टेम्पोतून उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच बायका आमंत्रणं घेऊन दारात उभ्या.

कॅमेरामन माझा नगरचा जुना दोस्त. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मावशी, मी मुसलमान आहे."

"मंग? खीर खात न्हाई का तू?"

तो पंधरा दिवसांत अकरा घरचा पितर झाला. एका घरी तर त्याला गेलेल्या आजोबांची तक्रारही ऐकवली, की शेवाळलेली विहीर तशीच ठेवून गेले. त्यानं मान खाली घालून माफी मागितली.

गोची झाली ती आमच्या नायकाची. चुलत्यांना गावात मान, त्यामुळे त्यांनाही रोज कुठंतरी पितर म्हणून बोलावणं. उडदाचे वडे, कढी, भात, वर वाटीवाटी खीर. जेवून आले की ते बाजरीच्या कडेला आडवे व्हायचे आणि आम्ही चौघं त्यांच्या घोरण्याला पहारा द्यायचो.

"काका, तुम्ही दोन दिवसांचे उपाशी आहात!" मी ओरडायचो.

"व्हय रं, मला ठाव हाय. पर पोटाला कोन सांगनार?"

आठव्या दिवशी सदऱ्याची बटणं लागेनात. सिनेमात धाकटा घरातून निघताना काटकुळा आणि दोन दिवस उपाशी राहिल्यावर चांगला गुबगुबीत दिसत होता. मी चिडून म्हणालो, उद्यापासून तुमचं जेवण बंद. काकूंनी मला असं काही पाहिलं की मी लगेच म्हणालो, निम्मं बंद.

थोरल्यासाठी मी वस्तीतल्या निवृत्त गुरुजींना उभं केलं. पाठांतर चोख, आवाज खणखणीत. पण प्रत्येक वाक्य संपलं की ते चुलत्यांकडे बघून विचारत, "समजलं?" आणि चुलते शाळेतल्या सवयीनं उठून उभे राहत. दुपारपर्यंत मी हात टेकले. गुरुजींना वाईट वाटू नये म्हणून सर्वपित्रीला वडिलांच्या ताटावर बसायचं आमंत्रण देऊन टाकलं.

सर्वपित्री म्हणजे शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी घट बसणार आणि कॅमेरा नवरात्राच्या ऑर्डरला जाणार. उपाशी धाकटा घरी परततो, एवढंच राहिलं होतं आणि थोरला अजून नव्हताच. पडवीत काकूंनी वडिलांचं ताट वाढून ठेवलं. पण गुरुजींना आमच्या आधी तीन घरं होती. एक वाजला, दोन वाजले. ताटावरचा माणूस उठल्याशिवाय घरातल्या कुणी घास घ्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. साडेतीन वाजले तेव्हा चुलते भिंतीला टेकून बसले होते आणि चेहरा उतरला होता. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच माझा नायक उपाशी होता.

मी कॅमेरामनला खूण केली. चुलत्यांना म्हणालो, "बाजरीतून चालत या, पडवीत येऊन ताटासमोर बसा. बोलायचं काही नाही. थोरल्याचं मी नंतर बघतो."

ते आले. पाय धुतले, खाली बसले. वाफ गेलेलं ताट समोर. बराच वेळ त्यांनी ताटाकडे बघितलं, मग रिकाम्या पाटाकडे.

"दादा, ये रं आता. निवालं समदं."

मी ‘कट’ म्हणालो नाही. कॅमेरामननंही कॅमेरा तसाच चालू ठेवला. चुलते दाराकडे बघत बसून राहिले. मी खांबाआड तोंड करून ढसाढसा रडलो, ते आवाजाच्या यंत्रात आलंय आणि आता काढता येत नाही.

तेवढ्यात गुरुजी ढेकर देत आले. पाटावर बसून त्यांनी दोन घास कसेबसे गिळले, घराला आशीर्वाद दिला आणि उठले. मग घरातली पानं मांडली. चुलते जेवायला बसले तेव्हा मी वाढायला होतो. थोरल्यासाठी आता माणूस शोधायची गरज नाही, हे मला कळून चुकलं होतं. पण त्यांना हे वाक्य सुचलं कसं, ते विचारल्याशिवाय राहवेना.

"काका, तो डायलॉग कुणी सांगितला तुम्हाला?"

"डायलॉग कसला?" त्यांनी वडा मोडला. "भूक लागल्ती. अन् दादा पाटावर यायच्या आदी मी कवा जेवलोय व्हय?"

मग ते जेवत राहिले आणि मी भात वाढत राहिलो. त्या दिवशी मी त्यांचं जेवण निम्मं केलं नाही.