लेकीच्या गावचा रेडिओ

लेक लग्न होऊन परदेशात गेली. दुसऱ्या वर्षी सुटीवर आली, तेव्हा तिनेच मला तो रेडिओ लावून दिला. सेलूतलं आमचं घर दुकानाच्या वर आहे. खाली बी-बियाण्यांचं दुकान, ते नवरा गेल्यापासून दीर पाहायचे. वर मी एकटी. तिच्या शिक्षणासाठी घेतलेला कॉम्प्युटर कापडाखाली झाकून पडला होता. तिने तो पुसला, टेलिफोनवाल्यांकडून ब्रॉडबँड घेतलं आणि मला जवळ बसवलं.

"हे पाय आई, या वेबसाइटवर जगातले सारे रेडिओ एका जागी आहेत. हा आमच्या गावचा, तिकडचा सरकारी रेडिओ. इथं दाबलं की लागते."

"मले काय समजन त्यातलं?"

"नाई समजलं तर नाई. मी दवाखान्यात कामाला जातो तेव्हा गाडीत हाच लावतो," ती म्हणाली.

ती गेल्यावर काही दिवस मी त्याला हात लावला नाही. मग एका दुपारी लावला. आपल्याकडे जेवणं आटोपायच्या वेळेला तिकडे सकाळ होई. एक बाई बोलायची, हसरी, जरा बसलेल्या आवाजाची. माझं इंग्रजी कॉलेजात शिकले तेवढंच, पण रोज ऐकून पाऊस कळू लागला, बर्फ कळू लागला, शाळांना सुटी आहे हे कळू लागलं. कुठल्या रस्त्यावर गाड्या अडल्यात तेही. वीज गेली की रेडिओ बंद पडायचा. आली की मी धावत जाऊन पुन्हा लावायचे. दीर जिन्यातून विचारायचे, "वहिनी, दिवसभर हे काय इंग्रजी लावून राह्यल्या?" मी म्हणायचे, "पोरीच्या गावचा आहे." ते मान हलवून खाली जायचे.

त्या गावात नदी आहे. लेक रोज तिच्यावरचा पूल ओलांडून दवाखान्यात जायची. पहिल्या हिवाळ्यात एकदा बाईने सांगितलं, धुक्यामुळे पूल बंद. मी तडक फोन लावला.

"आई? काऊन, तब्येत बरी आहे ना?"

"मले काय होते! पूल बंद आहे. निघाली नसशील तर दुसऱ्या रस्त्यानं जाजो."

ती खूप हसली. "सेलूत बसून तू मले इथला रस्ता सांगून राह्यली!"

माझा तो सगळा दिवस आनंदात गेला. त्यानंतर रविवारी तिचा फोन आला की मीच तिला तिच्या गावची हकिगत सांगायचे. बाजार कधी भरणार, थंडी किती पडणार. ती हो हो म्हणायची. पुढे पुढे नुसतंच हो म्हणायची. कामाने थकत असेल, असं मला वाटायचं.

मग एका दुपारी त्या बाईच्या जागी एका पुरुषाचा आवाज आला. तीच दोन-तीन वाक्यं तो पुन्हा पुन्हा बोलत होता. मी मोडेम बंद करून सुरू केला. वायरी काढून लावल्या. शेवटी टेलिफोनच्या लाइनमनला बोलावलं. त्याने सगळं तपासलं.

"लाइन चालू आहे काकू. तिकडूनच बंद आहे."

मग मी नीट कान देऊन ऐकलं. आमचा रेडिओ यापुढे दुसऱ्यांच्या वेबसाइटवर मिळणार नाही, आमच्या स्वतःच्या वेबसाइटवर या, असं तो माणूस सांगत होता. मी तिथे गेले. तिथे लिहिलं होतं की तुमच्या देशातून हे ऐकता येत नाही. उद्धट असं त्यात काही नव्हतं. त्यांचा रेडिओ, त्यांचा नियम. सेलूतली एक बाई ऐकते हे त्यांना कुठून ठाऊक असणार? तरी मी ती दुपार तशीच बसून काढली. खालून दुकानातलं बोलणं वर येत होतं, पण त्यातला एकही शब्द मला उद्देशून नव्हता.

रविवारी मी लेकीला म्हटलं, "आता मले तुह्या गावचं काहीच कळत नाई. बर्फ पडून राह्यला का?"

"मले नाई माहीत, आई."

"काऊन? खिडकीतून बाहेर पाय ना."

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मी तिथं राहत नाई आता. दिवाळीच्या आधीच निघून आली. दुसऱ्या गावात काम मिळालं, एकटीच राहतो."

"आन् जावई?"

"ते तिथंच आहेत."

म्हणजे हा सारा हिवाळा मी ज्या पुलाची काळजी केली, त्या पुलावरून माझी पोर जातच नव्हती. "मंग तू हो हो काऊन म्हणत होती?"

"तू एवढ्या हौसेनं सांगत होती, आई. आन् ते ऐकलं की वाटे, माह्यं सगळं पहिल्यासारखंच आहे. निदान सेलूत तरी."

त्या उन्हाळ्यात ती आली. मी खोदून विचारलं नाही. दिवसचे दिवस ती कूलरसमोर झोपून राहायची आणि मी बाजूला बसून तूर निवडायचे. जायच्या आदल्या संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, "भांडण नाई झालं आमचं. आम्ही बोलणंच सोडलं होतं. घरात नुसता रेडिओ बोलायचा."

"आता कामावरून घरी आली की कोणासंग बोलतं?"

"कोणासंगच नाई."

"इथं राहून जा."

"इथं काय करू, आई?"

मी निवडलेली तूर डब्यात भरली. सकाळी मी तिला नागपूरच्या बसमध्ये बसवून दिलं. खिडकीजवळची जागा मिळाली होती. बस हलली तेव्हा ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती, त्यामुळे तिने वर पाहिलं नाही. मी घरी परतले. दिरांनी काउंटरवरून विचारलं, "गेली का?"

"गेली," म्हटलं, आणि जिना चढले.