बोदलकसाच्या रस्त्यावरचं बोरिंग

करणी, भूतबाधा, अंगात येणं... यातलं काहीच मी आयुष्यात कधी मानलं नाही. मी गोंदियाजवळ कुडव्यात औषधांच्या दुकानात काउंटरवर बसते. ताईत बांधून आलेल्यांना "आधी डॉक्टरला दाखवा" म्हणून दामटणारी बाई आहे मी. तरी हे लिहितेय, कारण दोन वर्षं पोटात ठेवून आता जड झालंय.

माझं माहेर तिरोड्याकडे, बोदलकसा तलावाच्या अलीकडे. दिवाळीआधी घराला चुना मारायला मी आणि माझे मिस्टर गेलो होतो. भर दुपार. यांनी ड्रममध्ये चुन्याचे खडे टाकले, पाणी ओतलं आणि काठीने ढवळायला वाकले — तोच उकळता चुना फसकन उडाला, सरळ उजव्या डोळ्यात.

हे खालीच बसले. "जळून राहिलं... दिसून नाही राहिलं मले."

आईने लोटाभर पाणी मारलं आणि "थंड पडते" म्हणत डोळ्यात तूप सोडलं. मी अडवलं नाही. डोळ्यांचे ड्रॉप विकणारी मी — पण तेव्हा डोक्यात एकच, कसंही करून दवाखाना गाठायचा. यांना स्कूटीवर मागे बसवलं, पडू नयेत म्हणून ओढणीने माझ्या कमरेला बांधलं आणि निघाले.

जंगलाचा पट्टा लागला. रस्त्यावर चिटपाखरू नाही, मोबाईलला रेंज नाही. हे आधी कण्हत होते. मग तेही थांबलं, नुसतं कपाळ माझ्या पाठीवर आपटत राहिले. मी रडत गाडी चालवत होते. वाटलं, गेला डोळा... आपल्या हातानेच घालवला.

पुढे रस्त्याकडेला बोरिंग होतं, म्हणजे हातपंप. तिथे हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती. तिने हात आडवा केला.

"काऊन पळून राहिली वो? चुना हाये तो. पह्यले डोरा धू."

"दवाखान्यात नेतेय..."

"तोवरी जळून जाईल. निजव त्याले इथं."

मी ओढणी सोडली, यांना ओट्यावर कुशीवर निजवलं, दुखरा डोळा खाली. दोन्ही हातांनी पापण्या फाकून धरल्या. पाणी पडायला लागलं. हे हातपाय झाडत होते, मी गुडघ्याने खांदा दाबून ठेवला. मागे दांड्याची करकर चालू होती. मी दोनदा म्हटलं, "झालं असेल आता." दोन्ही वेळा मागून तेवढंच, "थांबू नोको."

अर्धा तास तरी गेला असेल. मग हे हळूच म्हणाले, "आता कमी वाटते." मी मान वळवली... कोणी नव्हतं.

तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. गोंदियात डॉक्टरांनी चुना उरलाय का ते बघायला डोळ्याला कागदाची पट्टी लावून पाहिली, पुन्हा धुतलं, पापणीखालून चुन्याचे दोन कण काढले. म्हणाले, "इतका वेळ धुतलं म्हणून बुबुळ वाचलं. नाहीतर इथे येईपर्यंत काही उरलं नसतं." थोडं धूसर दिसतं, पण दिसतं.

आठवड्याने मी साडी घेऊन त्या बाईला शोधायला गेले. बोरिंग सापडलं. त्याला दांडाच नव्हता. तोंडाला गंज, आत कोळ्याचं जाळं. जवळ शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं.

"हे तं कईचंच बंद हाये. दांडाबी नेला कोनीतरी, चार-पाच वर्सं झाली."

"दुसरं बोरिंग आहे का या रस्त्यावर?"

"नाही."

मला वाटलं, जागा चुकली. पण ओट्यावर चुन्याचे पांढरे ओघळ वाळले होते आणि कडेला यांची डाव्या पायाची चप्पल पडली होती. दवाखान्यात हे एकाच चपलेवर गेले होते.

कोणाच्या डोळ्यात चुना गेला तर तूप, दूध, मध काही घालू नका. आधी पाणी, भरपूर वेळ, मग डॉक्टर. एवढंच मी खात्रीने सांगू शकते. ती बाई कोण, पाणी आलं कुठून... मला माहीत नाही. हे अजून विचारतात, पंप कोण हापसत होतं. मी सांगते, "होती गावातली कोणीतरी."

बंद बोरिंगचं यांना हे वाचूनच कळेल.