नारळ शाबूत, मडगार्ड फुटलं

दसऱ्याच्या सकाळी मी आमच्या गाडीवर नारळ फोडला. म्हणजे फोडायला गेलो. पुण्याला आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर खंडेनवमीला गाडीच्याच लोखंडी बंपरवर नारळ आपटायचा, एका फटक्यात दोन भकलं, आणि आम्ही कारकून मंडळी कौतुकाने बघायचो. इथे दिल्लीत, मयूर विहारच्या सोसायटीत खाली सगळीकडे गुळगुळीत फरशी, दगड आणायचा कुठून? शिवाय वरच्या गॅलऱ्यांतून शेजारी बघत होते. मी बाप्पाचं नाव घेतलं आणि पुढच्या दिव्याशेजारी जोरात हाणला. कर्र आवाज झाला. नारळ हातात शाबूत, आणि मडगार्डचा कोपरा भिजलेल्या पत्रावळीसारखा फुटून आत गेलेला.

"आई, नारळ नाही टूटा, गाडी टूट गई!" आमची लेक टाळ्या पिटत ओरडली.

"फुटली म्हणावं," बायको म्हणाली. दिल्लीत वाढणाऱ्या पोरीचं मराठी सुधारायची संधी ती कधीच सोडत नसे. मग खाली वाकून तिने भोकातून बोट आत घातलं. "अहो, परवा चालेल ना पण ही?"

परवा तिचा डेमो होता. पुण्याला ती गणित शिकवायची. माझ्या बदलीपायी ती नोकरी सुटली आणि नंतरची काही वर्षं ती फक्त आमच्या लेकीला पाढे शिकवत बसली. आता गाझियाबादच्या बाजूला नवी वसाहत उठत होती, तिथे नवी शाळा निघाली होती, आणि मुलाखत पार पडून शेवटी एका वर्गापुढे शिकवून दाखवणं तेवढं उरलं होतं. तिकडे बस जात नव्हती. दिल्लीचे ऑटोवाले यूपीची हद्द म्हटली की तोंड फिरवायचे. म्हणून ती गाडी चालवायला शिकली. नोकरी आणि ती यांच्यामध्ये एवढी एक गाडीच होती.

आणि ती होती फायबरची. आख्खं अंग फायबरचं, जुनी, दुसऱ्याने वापरलेली. घेताना मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की हिला जन्मात गंज चढणार नाही. ते मात्र खरं निघालं. तेवढ्यात देशात उदारीकरण आलं, रस्त्यावर चकचकीत पत्र्याच्या नव्या गाड्या आल्या, आणि आमच्या गाडीच्या कंपनीने गाशा गुंडाळला. सुटा भाग मागायचा तर कोणाकडे?

बाजारातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने हातोडी उचलली, मडगार्डवर टिचकी मारली आणि हातोडी परत ठेवली. "साहब, ये तो बाल्टी है. टीन हो तो लाओ."

शेवटी गाझियाबादला एक कारखानदार सापडला. नव्या शोरूमच्या काचेमागे साड्या नेसून उभ्या असतात ना, त्या फायबरच्या बायका तो बनवायचा. त्याच्या अंगणात टकल्या, उघड्या बायकांची रांग उन्हात वाळत होती. मी खाली मान घालून रेझिन, हार्डनर आणि काचेच्या धाग्यांची जाळी घेतली. काम तुमच्याच माणसाकडून करून द्या म्हटलं, तर म्हणाला, दिवाळीनंतर. सगळ्या शोरूम दिवाळीला उघडायच्या होत्या. आमच्या मडगार्डसाठी कोण थांबणार?

"घरीच करतो," मी म्हणालो. "दोन थर जाळीचे, वरून रेझिन. त्यात काय आहे?"

होतं. आधी रंग पार खरवडून खालचं फायबर उघडं करावं लागतं, तर रेझिन धरतं. आणि मी मराठी माणूस, दसऱ्याला वाहन उजळायचं म्हणून आदल्या दिवशी सबंध गाडीला मेण-पॉलिश चोळून चोळून तिचा आरसा केलेला. त्या आरशावरच मी जाळी चिकटवली. दुपारभर सोसायटीत नेलपॉलिशसारखा वास सुटला. संध्याकाळी ठोकून पाहिलं, दगडासारखं घट्ट. वरून उरलेला रंग मारला. बायकोने चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "अगदी नवं दिसतंय हो." तिने माझी इतकी तारीफ लग्नातसुद्धा केली नव्हती.

डेमोच्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरचे भाईसाहब आपली नवी पत्र्याची गाडी पुसत होते. "भाभीजी, मैं उधर ही जा रहा हूँ. छोड़ दूँ?"

"नहीं भाईसाहब, इन्होंने ठीक कर दी है," ती ऐटीत म्हणाली. डॅशबोर्डवर खडूची नवी डबी ठेवली आणि गेली.

नव्या वसाहतीत इमारती उठल्या होत्या, पण रस्ता अजून कागदावरच होता. विटांचे ट्रक जाऊन पडलेल्या पहिल्याच मोठ्या खड्ड्यात माझं ठिगळ पापडासारखं सुटलं. दिवा वायरींवर लोंबायला लागला आणि मोडका कोपरा टायरवर जाऊन बसला. दोन्ही बाजूंना अर्धवट खांब, रिक्षा नाही, माणूस नाही. ती इस्त्रीच्या साडीत चिखलात बसून ते फायबर हाताने मोडत राहिली. चाक मोकळं झालं तेव्हा वर्ग केव्हाच सुटला होता.

हे मला संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर कळलं. फायबर हाताने मोडलं की काचेची बारीक कुसं तळव्यात जातात. दिसत नाहीत, फक्त टोचतात. ती खिडकीशी हात पसरून बसली होती आणि मी चिमटा घेऊन एकेक काढत होतो.

"अगं, उद्या मी स्वतः शाळेत जातो," मी म्हणालो. "झालं ते सांगतो. दुसरा दिवस देतील."

"मी केला फोन, कोपऱ्यावरच्या बूथवरून," ती म्हणाली. "गाडीचं मडगार्ड गळून पडलं हे सांगायची लाज वाटली हो. म्हटलं, मिस्टरांना पसंत नाही मी नोकरी केलेली. लगेच पटलं त्यांना. पुढे एक प्रश्न विचारला नाही."