मिसरीची डबी आणि दातांच्या तारा

माझ्या मुलीच्या दातांना तारा बसल्या, त्याच आठवड्यात मी तिला तंबाखू दिली. हे आधीच सांगून टाकतो. उशिरा सांगायला गेलं की माणूस आजूबाजूला कारणं रचत बसतो, आणि ते काम मी पुरेसं केलेलं आहे.

मी श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीच्या जवळच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्यावर पिवळा पट्टा मारलेला आहे, त्याच्या आत तंबाखू आणायची नाही, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘तंबाखूमुक्त शाळा’ असं लिहिलेलं आहे. ती अक्षरं माझ्या हातची. अक्षर वळणदार म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं. दोन दिवस शिडीवर उभा राहून मी ते मन लावून रंगवलं आणि दोन्ही दिवशी सकाळी मिसरी लावूनच घरून निघालो.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून वस्त्रगाळ करायची आणि ती पूड बोटानं दातांवर, हिरड्यांवर फिरवायची, ही मिसरी. कुणी मशेरी म्हणतं. आमच्याकडे तिला तंबाखू मात्र कुणीच म्हणत नाही. तंबाखू म्हणजे चुना लावून तळहातावर मळतात ती. मिसरी म्हणजे दात घासणं. दहावीत असताना माझी दाढ ठणकली, तेव्हा आईनं तिच्या डबीतली चिमूटभर लावली. दाढ पुढे काढून टाकली. मिसरी तीस वर्षं राहिली. लग्नानंतर बायकोनं वर्षभर बोलून पाहिलं आणि मग मोरीवरच्या फळीचा एक कोपरा त्या डबीला देऊन टाकला.

मुलगी नववीत आहे. वरचे दोन दात एकमेकांवर चढलेले आणि एक सुळा बाहेर आलेला, असे तिचे दात होते. हसताना हात आपोआप तोंडावर जायचा. तारा बसवायचा हट्ट तिचाच. मी म्हणालो होतो, “काय बिघडलंय? जेवता येतंय ना?” तिनं वर्षभर पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे आम्ही नगरला दातांच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. (आता नाव बदललंय, पण आमच्या तोंडून नगरच निघतं.) मॅडमनी प्रत्येक दातावर लहानशी चौकट चिकटवली, त्यांतून तार ओवली आणि काय करायचं, काय नाही, हे बारकाईनं सांगितलं. ऊस बंद, हुरडा बंद, शेंगदाणे बंद. खाल्लं की लगेच ब्रश. तार गालाला टोचली तर लावायला मेणाची एक चपटी डबी दिली. मेण कसं लावायचं हे त्या करून दाखवत होत्या, तेव्हा मी केंद्रप्रमुखांचा फोन आला म्हणून बाहेर व्हरांड्यात गेलो. पुढचं सगळं त्या पाच मिनिटांतून सुरू झालं.

पहिले दोन दिवस मुलगी दिमाखात होती. शेजारच्या वस्तीवरची तिची मैत्रीण तिला बघताच म्हणाली, “अगं बया! तोंडाला तारेचं कंपाउंड केलं का काय?”

“व्हय. तुझ्यासारखी जनावरं आत शिरू नयेत म्हणून.”

दोघी हसून हसून वाकल्या. मुलीचा हात तोंडावर गेला नव्हता, हे मी ओट्यावरून पाहिलं.

चौथ्या दिवशी बायको भाच्याच्या लग्नासाठी कोपरगावला गेली. जाताना म्हणाली, “भाकरी दुधात चांगली कुस्करून द्या तिला. आन् मेन लावा. मॅडमनी सांगितलंय.” त्याच दिवशी मागच्या दाढेजवळचं तारेचं टोक गालात रुतायला लागलं. मी मेणाचा गोळा केला, लावला, तो निसटला. परत लावला, परत निसटला आणि तिनं गिळला. मी वैतागलो. मेणात काही अर्थ नाही, असं मीच ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीपाशी गाल धरून उभी होती. डोळ्यांत पाणी. दुधातली भाकरीसुद्धा खाववेना. आतून गाल सोललेला. मी शेजारी उभा राहून मिसरी लावत होतो. बोट डबीत होतंच.

“ये इकडं. जरा लावतो. पाच मिनिटांत उतरतंय बघ.”

“पप्पा, ही तंबाखू आहे ना?”

“मिसरी आहे. दुखण्यापुरतीच.”

मी माझ्या बोटानं तिच्या हिरडीला आणि गालाच्या जखमेला मिसरी लावली. तिला गरगरलं. ती पायरीवर बसली, दोनदा थुंकली, कपाळावर घाम आला. मी पाणी दिलं. थोड्या वेळानं तिनं वर बघितलं आणि म्हणाली, “खरंच की, कमी झालं.” मला बरं वाटलं. अगदी खरं सांगतो, मला अभिमान वाटला. मॅडमच्या मेणाला जे जमलं नाही, ते माझ्या डबीला जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः मागितली. तिसऱ्या दिवशी मागितली नाही, पण डबीचं झाकण तिरकं बसलेलं होतं. आठवड्यात जखम भरून आली. डबी मात्र नेहमीपेक्षा लवकर तळाला जायला लागली. मला ते कळत होतं. आपल्याच हातानं रोज उघडतो त्या डबीत किती उरलंय, हे माणसाला कळतंच. मी बाजारातून नवी पुडी आणली आणि डबी भरून ठेवली. तिला एका शब्दानं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

महिन्यानं तपासणीला गेलो. मॅडमनी दिवा खाली ओढला आणि त्यांचा हात थांबला. चौकटींच्या भोवती तपकिरी कड धरली होती आणि हिरड्या सुजल्या होत्या.

“चहा किती वेळा पितेस गं?”

“तीनदा,” ती म्हणाली. आमच्या घरात ती चहा पीतच नाही.

“चहाचा डाग असा नसतो.” मॅडमनी तिचं बोट हातात घेऊन पाहिलं, सोडलं, आरसा परत तिच्या तोंडात घातला आणि माझ्याकडे वळल्या. “सर, घरी कुणी मिसरी लावतं का?”

“आमची आई लावायची,” मी म्हणालो.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आई लावायची, आणि आईला जाऊन सहा वर्षं झालीत. खुर्चीत आडवी पडलेली माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. तोंडात आरसा असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं, आणि मी त्याचा फायदा घेतला.

मॅडमनी दात साफ केले आणि म्हणाल्या, “पुढच्या महिन्यातही हिरड्या अशाच दिसल्या तर मला तारा काढाव्या लागतील. दातांना कीड लागेल, सरकवण्यात अर्थ राहणार नाही.” मुलीचा चेहरा पांढरा पडला. वर्षभर मागून मिळालेली गोष्ट होती ती.

परतीला दौंड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. मी मोटारसायकल कडेला लिंबाखाली घेतली. मागून ती म्हणाली, “पप्पा, मी सांगितलं नाही मॅडमना.”

“काय?”

“तुम्ही दिली ते. त्यांनी मला विचारलं असतं ना, तरी सांगितलं नसतं.”

तिनं हे माझी समजूत काढावी तसं सांगितलं. मग म्हणाली, “पण मला सुटत नाहीये. दुसऱ्या तासालाच डोकं धरतं. शाळेतसुद्धा नेते मी कागदात. पिवळ्या पट्ट्याच्या आत.”

चौदा वर्षांची मुलगी बापाला सांभाळून घेत होती. मी तिला एका महिन्यात दोन गोष्टी शिकवल्या होत्या, मिसरी लावणं आणि ती झाकणं, आणि दोन्हींत ती हुशार निघाली होती. ट्रॉल्या पुढे सरकल्या, रस्ता मोकळा झाला. मी गाडी सुरू केली आणि उलटी वळवली.

“कुठं चाललोय?”

“परत मॅडमकडं.”

“पप्पा, नको ना!” तिनं पाठीत बुक्की मारली. एक मारली, मग दुसरी मारली नाही.

दवाखान्यात एक पेशंट खुर्चीत होता. तो उठेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. मग मी तिला घेऊन आत गेलो आणि उभ्या उभ्या सांगितलं, “मॅडम, मघाशी मी आईचं सांगितलं. मिसरी मी लावतो, दहावीत दाढ दुखली तेव्हापासून. हिलाही मीच लावली. तार टोचत होती म्हणून. आता हिला सुटत नाहीये. हिची काही चूक नाही.”

मला वाटलं होतं, त्या ओरडतील. शिक्षकाला ओरडा खायची सवय नसते, म्हणून मी मनाची तयारीही केली होती. त्यांनी हातमोजे बदलले आणि म्हणाल्या, “बसा खुर्चीत.”

“मी?”

“तुम्हीच. आ करा.”

त्यांनी माझं तोंड बराच वेळ पाहिलं. मुलगी त्यांच्या शेजारी उभी राहून बघत होती. तीस वर्षांची काळी कड, झिजलेले दात, खाली सरकलेल्या हिरड्या. “हे बघ,” मॅडम तिला म्हणाल्या, “हे दुखण्यापुरतंच होतं.” मग मला म्हणाल्या, “तुम्ही सोडल्याशिवाय ही सोडणार नाही, सर. एका मोरीवर एक डबी असली की ती सगळ्या घराची असते.” आणि निघताना कापसाचा बोळा घेऊन त्यांनी मला मेण लावायला शिकवलं. आधी दात आणि तार कापसानं कोरडी करायची. ओल्यावर मेण धरत नाही. एवढंच होतं ते.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती. हात थांबले.

“मी चार दिवस काय गेले, लेकराच्या तोंडात तंबाखू घातली तुमी? आन् भितीवर काय लिव्हलंय ते? कुनाला वाचायला?”

ती उठली, पिठाच्या हातानंच डबी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. “तुमीच टाका. म्या टाकली तर तुमी दुसरी आनाल.”

मी ती उकिरड्यावर रिकामी केली आणि डबी चेचून वर टाकली. आईची डबी होती. तरी टाकली.

पुढचे दिवस फार मानाचे गेले नाहीत. आम्ही दोघंही चिडचिडे झालो होतो. माझं तर पोटच साफ होईना. मिसरीशिवाय आपल्याला सकाळ होत नाही, हे मला तेव्हा कळलं. मुलगी वर्गात डोकं टेकून बसते, असं तिच्या बाईंनी सांगितलं. नवव्या दिवशी एका गुरुजींच्या घरी त्यांच्या आईची डबी दिसली आणि मी बोट घातलं. संध्याकाळी मुलीला सांगितलं. न सांगण्याचं काय होतं, ते बघून झालं होतं.

ती रागावली नाही. म्हणाली, “मग परत पहिल्या दिवसापासून मोजू. मी पण थांबते तुमच्यासाठी.”

“तू कशाला थांबतेस? तुझं चांगलं चाललंय.”

“तसं नाही. तुम्ही एकटे मागं राहिलात की परत हात घालाल.”

हिशेब काही पटण्यासारखा नव्हता, पण मी परत बोट घातलं नाही.

सकाळी मोरीवर आम्ही बरोबरच उभे राहायला लागलो. तारा असलेले दात घासायला वेळ लागतो. तारेच्या वरून एकदा, खालून एकदा, आणि मग बाटली धुवायच्या ब्रशासारखा एक इवलासा ब्रश प्रत्येक चौकटीच्या मधून फिरवायचा. तिचं होईपर्यंत मीही घासत राहायचो. मला इतका वेळ दात घासायची सवय नव्हती. हिरड्यांतून रक्त यायचं, मग यायचं थांबलं. एके दिवशी परिपाठाला मी मुलांना सगळं सांगितलं, मुलीचा भाग वगळून. तो तिचा होता. भिंतीवरची अक्षरं ज्यानं लिहिली तो स्वतः मिसरी लावत होता, एवढं सांगितलं. पहिलीतल्या एका मुलीनं विचारलं, “सर, मग आता तुमी कशानं दात घासता?” पोरं हसली, मीही हसलो.

पुढच्या तपासणीला मॅडमनी दिवा खाली ओढला, आरसा फिरवला आणि म्हणाल्या, “छान.” तेवढंच. मग जुनी तार काढून जाड तार घातली. “दोन दिवस दुखेल,” असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या अगदी शेजारी उभा होतो. फोन मी दाराबाहेरच बंद केला होता.

दुखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तशीच मोरीपाशी उभी होती, तसाच गाल धरून. फळीच्या कोपऱ्यात डबी ठेवायची जागा रिकामी होती. माझी नजर तिकडे गेली आणि तिचीही गेली, ते मला दिसलं.

“पप्पा, लई दुखतंय.”

मी हात साबणानं धुतले. कापसानं मागची दाढ कोरडी केली, तार कोरडी केली. मेण दोन बोटांत मळून मऊ केलं, गोळी टोकावर ठेवली आणि दाबली. तिनं जीभ फिरवून पाहिली. परत फिरवली.

“बसलं,” ती म्हणाली. “निघत नाहीये.” घरातून बायकोनं दुधात कुस्करलेल्या भाकरीची वाटी बाहेर आणली. ती घेण्याआधी मुलीनं ओले हात फ्रॉकला पुसले आणि माझ्यापुढे उभी राहिली.

“आता तुमचं बघू. आ करा.”

मी आ केला.